आसानालीचं बोलणं

गावच्या क्लबाच्या खिडक्यांवर बायकांनी लोकरीचे जाड नमदे टांगले आणि भर दुपारी आत अंधार केला. सयकाल आपा पहिल्या रांगेत, पडद्याच्या अगदी नाकासमोर जाऊन बसल्या. डोक्याला धुतलेला पांढरा रुमाल, जशा काही लग्नालाच निघाल्यात.

रायकान बिश्केक शहरातून आली होती ती त्यांच्याच निरोपावरून. पंचवीसेक वर्षांपूर्वी नारीनच्या डोंगरातून आमच्या गावाने पाण्याचा पाट खणून आणला. घरटी एक माणूस, मजुरी कुणालाच नाही. तेव्हा ही पोरगी कॅमेरा घेऊन गावात राहिली होती आणि एका संस्थेसाठी त्या कामाचा माहितीपट केला होता. आता तिचेही केस पिकले. नातीच्या फोनवरून आपांनी तिला गाठलं आणि एवढंच सांगितलं, "आमचे हे तुझ्याकडे आहेत. घेऊन ये."

हे म्हणजे आसानाली. सगळ्या गावाला फावडी धरायला लावणारा माणूस. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

"चेहरा भिंतीवर आहे गं," आपा सकाळी रायकानला म्हणाल्या होत्या. "पण आवाज गेला. आठवायला बसलं की माझाच ऐकू येतो."

"बोलतात की आपा फिल्ममध्ये," रायकान म्हणाली. "चांगले बोलतात. मी समोरच तर उभी होते."

फिल्म सुरू झाली आणि क्लबात एकच गलका उठला.

"अगं बाई, ही मी? ही एवढीशी?"

"कुबान, तुझ्या डोक्यावर केस होते होय रे?"

"होते. तुझ्या शेजारी राहून गेले."

गेलेलं माणूस पडद्यावर आलं की गलका थांबायचा, दुवा मागून सगळ्यांचे तळवे चेहऱ्यावरून फिरायचे, आणि पुन्हा हसणं सुरू. काय माणसं होती तेव्हा गावात. फावड्यांची रांगच्या रांग एका दमात वर जात होती. आता निम्मं गाव रशियात बांधकामावर, आणि पाट साफ करायचा म्हटलं तर चार म्हातारे जमतात, तेही कंबर धरून. बघताना जीव कासावीस होत होता आणि नजर काही हलत नव्हती.

मग आसानाली आले. त्यांनी फावडं टेकवलं, टोपी मागे सारली, कॅमेऱ्याकडे बघून तोंड उघडलं. आणि पडद्यातून एक घोटीव शहरी आवाज आला, "दुर्गम भागातील जनतेच्या सक्रिय सहभागातून शाश्वत पाणीपुरवठ्याचे उद्दिष्ट साध्य होत आहे."

आसानाली बोलत होते, हसत होते, हाताने खाली गावाकडे दाखवत होते. आवाज आपला उद्दिष्टं साध्य करत बसला होता. तेव्हाची रीतच तशी. खेड्यातल्या माणसाने तोंड उघडलं की त्यावर शहाण्या आवाजाचं झाकण ठेवायचं. रायकानने त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, म्हणून इतकी वर्षं तिला वाटत राहिलं की ते फिल्ममध्येही ऐकू येतात.

"हा कोण?" आपांनी विचारलं.

"निवेदक, आपा."

"आमच्या ह्यांच्या तोंडात तो काय करतोय?"

रायकानने फिल्म थांबवली. कुबानने मूळ टेपबद्दल विचारलं. नाही, ती म्हणाली, टेप मुश्किलीने मिळायची, पुसून तिच्यावरच पुढचं काम करायचो. तिला आपांकडे बघवेना. आपांनी रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली आणि उठायला लागल्या.

"वहिनी," मागून तेमिरकुल म्हणाला.

तेमिरकुल म्हणजे गावाचा नकल्या. लग्नाकार्यात हा उभा राहिला की पाहुणे जेवण विसरायचे. आसानाली ही तर त्याची हातखंडा नक्कल, खुद्द आसानाली ती बघून पोट धरून हसायचे. पण त्यांना माती दिली त्या दिवसापासून त्याने ती सोडली होती. गेलेल्या माणसाची नक्कल करू नये, आणि त्याच्या बायकोदेखत तर नाहीच नाही.

"तुम्ही म्हणालात तर," तो म्हणाला. "वाईट वाटणार असेल तर राहू दे."

आपा उभ्याच होत्या. मग हळूच खाली बसल्या.

"पोरी, तो तुझा शहाणा बंद कर."

रायकानने फिल्म मागे नेली आणि आवाज पूर्ण घालवला. आसानालींनी पुन्हा फावडं टेकवलं. तेमिरकुलने घसा खाकरला. ते खाकरणंही आसानालींचंच होतं.

"काय बघतेस गं त्या डब्यातून? पाणी यायचंय अजून. आलं की हाक मारू तुला. आणि हे सांग तुझ्या शहरात, ह्या गावात कामाला सगळे पुढे, नि जेवायला त्याहून पुढे."

क्लब हसला. पडद्यावरचा हात खाली गावाकडे गेला.

"ते धुराडं दिसतंय ना, ते माझं घर. जा तिकडे, आमच्याकडचा मीठ घातलेला चहा मिळेल. मिठाला बाईचा हात जरा सैल आहे, पण मिळेल."

"जन्मभर तोच प्यालात की," पहिल्या रांगेतून आवाज आला. "तेव्हा नाही कधी बोललात."

लोक हसायला लागले आणि मध्येच थांबले. आपा हसत नव्हत्या. त्या पुढे वाकून बसल्या होत्या, एक हात कानामागे धरून.

पडद्यावर आता नुसतं पाणी वाहत होतं. तेमिरकुल गप्प झाला. त्याने बाहीने डोळे पुसले.

"थांबलात का?" आपा म्हणाल्या. "बोला की."