हिरव्या साडीतली आई

दसरा झाला आणि केशरबाईंचा लेक नि सून ऊसतोडीला कोपरगावकडं गेले. दीड वर्षाची कार्तिकी आजीपाशी राहिली, दिवसा गावातल्या पाळणाघरात येऊ लागली.

"सहा म्हैन्यात आईला इसरंल का वो पोर?" केशरबाईंनी विचारलं.

पाळणाघर सांभाळणाऱ्या दीनाताईंनी नवी आलेली सगळी पुस्तकं चाळली. ससे, फळं, मोटारी बाजूला सारून एकच निवडलं. त्यात हिरव्या साडीतली एक बाई बाळाला भरवत होती.

"न्हाई इसरायची, आजी. मी हाय ना."

मग रोज त्या चित्रावर कार्तिकीचं बोट ठेवून त्या म्हणायच्या, "ही बघ आई."

एप्रिलात सून टोळीच्या ट्रॅक्टरमधून उतरली, ती थेट पाळणाघरातच आली. उन्हानं करपलेली, साडीवर नवऱ्याचा मळका शर्ट. दारातच बसून तिनं हात पसरले. "कार्ते, आई कुठंय गं?"

कार्तिकी हसली आणि धावत जाऊन पुस्तक घेऊन आली.



त्या अनोळखी बाईच्या मांडीवर ते उघडून तिनं हिरव्या साडीवर बोट ठेवलं, "ही बघ आई."