गोष्टीतली माय

जीप थेट अंगणात येऊन थांबली तेव्हा सरूचे दोन्ही हात शेणानं भरलेले होते. ते तसेच अंगापासून लांब धरून ती गोठ्याच्या भिंतीला लागून उभी राहिली.

जीपमधून औरादचे तहसीलदार उतरले. त्यांच्यामागून उतरल्या पार्वतीबाई. बिदरच्या मैलूर भागात त्यांचं महिला मंडळ होतं. बाईंच्या हातात एक मासिक होतं. त्यांनी सरूकडं पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत तिचा हात भाजलेला होता. उकळता गूळ सांडल्याचा तो जुना डाग.

"हीच ती," बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

सरूला काही उमगेना. ओसरीवर रामराव मालक उठून उभे राहिले होते. शेजारी त्यांचा मुलगा व्यंकट होता. तो उदगीरच्या कॉलेजात शिकवायचा, सुट्टीला घरी आला होता. त्यानं एकदम मान खाली घातली.

मग बाईंच्या बोलण्यातून हळूहळू उलगडत गेलं. व्यंकटनं गोष्ट लिहिली होती. गोष्टीतली बाई सरूसारखीच, हातावरच्या डागासकट. आजीनं दुष्काळात उचललेली ज्वारी फेडायला तिची आई एका घरी राबली, आईनंतर ती. बिदरमध्ये ती गोष्ट घरोघर वाचली गेली होती. मंडळात बाईंनी मोठ्यानं वाचली तेव्हा बायका हुंदके देऊन रडल्या आणि दुसऱ्या दिवशी लेखकाच्या नावावरून गावाचा पत्ता काढून सगळ्याजणी कचेरीवर गेल्या. वेठबिगारी बंद करणारा कायदा होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. त्या कायद्यापायी गावात एक सायकलसुद्धा आली नव्हती. गोष्टीपायी जीप आली.

"वाचा की बाई," मालक हसून म्हणाले. "आमालाबी कळू द्या पोरानं काय लिवलंय ते."

बाईंनी शेवट वाचला. गोष्टीतली बाई डोक्यावरची पाटी खाली ठेवते, मागं वळून बघत नाही, वेशीबाहेर पडते. मालकाच्या हाका येत राहतात, मग त्याही येईनाशा होतात.

ऐकता ऐकता सरूच्या पोटऱ्या ताठ झाल्या. वेशीबाहेरची ती वाट तिच्या पायाखालची होती. सामान आणायला, निरोप द्यायला, डोक्यावर ओझं घेऊन ती तिथून कितीदा तरी गेली होती. तशी, रिकाम्या डोक्यानं, कधीच नाही.

तहसीलदारांनी कन्नडात विचारलं, "अव्वा, तुला इथं जबरीनं ठेवलंय का? भिऊ नको. आत्ता सांग, आत्ता जीपमध्ये बस."

"सांग की सरू," मालक मऊ आवाजात म्हणाले. "साहेब इचारायलेत नव्हं?"

सरूनं मालकाकडं पाहिलं नाही. गोठ्यामागं तिचं खोपट होतं, मालकाच्याच जागेत. आत तिची म्हातारी आई कंबरेतून अधू होऊन पडून होती.

"बाई," सरूनं विचारलं, "ती भाईर पडली तवा तिच्या मायला कुटं ठिवली?"

पार्वतीबाईंनी मागची पानं चाळली. "आई नाही गं तिला. गोष्टीत आई आधीच वारलेली असते."

"माजी जित्ती हाय."

बाई घाईनं म्हणाल्या, "मग तिलाही घेऊन चल."

"कुटं?"

बाईंनी तहसीलदारांकडं पाहिलं. तहसीलदारांनी घसा खाकरला. "राहण्याची सोय म्हणजे... त्याचं वरून काही आलेलं नाही अजून. बघू."

सरू शेणाच्या हातांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मी घरचीच हाय, साहेब. मला कोनी बांदून ठिवलं न्हाई."

ओसरीवर चहा आला. पार्वतीबाईंनी कपाला हात लावला नाही. निघताना त्या गोठ्यापाशी आल्या आणि त्यांनी सरूचे हात तसेच, शेणासकट धरले.

"गोष्टीत तू गेलीस गं," त्या म्हणाल्या.

जीपचा धुरळा बसला. मालक काही रागावले नाहीत. "चांगलं लिवलंय पोरानं," असं म्हणत त्यांनी घरात हाक दिली, "आजपासनं सरूला औरादच्या बाजारला धाडू नका. लोकं वळखायलेत तिला आता."

आठ दिवसांतून एकदा तेवढंच सरूला गावाबाहेरचं जग दिसायचं.

दिवस कलताना व्यंकट गोठ्यात आला. "सरूअक्का, मला वाटलं होतं, साहेब आले तर तू..."

"धाकले मालक, मायला कामून मारलं?"

तो हळूच म्हणाला, "ती जिवंत असती तर त्या बाईला घरातून भाईर काढताच येईना मला. लई दिवस झटलो. जमलंच न्हाई."

सरूनं मान हलवली. एवढं तिलाही कळत होतं. तिनं हात धुतले, तांब्या भरून घेतला आणि ती खोपटात शिरली.

"जीप कुनाची गं आलती?" आईनं पडल्यापडल्या विचारलं.

"वाट चुकल्याले लोकं व्हते, माय."

"मग सांगितलीस का त्यायला वाट?"

सरूनं आईची मान उचलून धरली आणि तांब्या तिच्या ओठाला लावला.

"मलाच कुटं ठाव हाय," ती म्हणाली.