सोमवारचं वजन

कोपनहेगनच्या त्या बॅले शाळेत दर सोमवारी सकाळी मुलींचं वजन व्हायचं. टॉनेसन मास्तर आकडा मोठ्यानं वाचत आणि जिचा वाढला असेल, तिची भूमिका सरळ दुसरीला देत. त्यांतलीच दित्ता शनिवारपासून नुसत्या पाण्यावर होती.

पहिली सिग्ने वजनकाट्यावर चढली. काटा शून्यावरून हललाच नाही.

"काय गं, वारा खाऊन आलीस?" मास्तर हसले.

दुसरी चढली, तिसरी चढली. काटा शून्यावरच. दित्ता चढली तेव्हा पायाखालचा पत्रा तिला गार लागला, पण काटा ढिम्म.

"उतर, म्हशी! मोडलास वजनकाटा," म्हणत मास्तर स्वतः चढले.

काटा ब्याऐंशीवर गेला आणि थांबलाच नाही. शंभर. दीडशे. गरकन फिरून शून्य ओलांडून तो पुन्हा वर निघाला. भिंतीवरच्या फोटोंत मास्तरांनी गेल्या तीस वर्षांत वजन केलेल्या मुली ओळीनं उभ्या होत्या.

"मास्तर, उतरा ना," सिग्ने कुजबुजली.

"पाय... पाय उचलत नाही गं!"

तास संपला की मास्तरांपुढे लवायची तिथली रीत. कुणी न सांगताच सतरा मुली एकदम, अगदी हळुवार लवल्या. दित्ताच्या पायांना जमीन लागत नव्हती.

मास्तरांच्या वजनकाट्याखालची, लाकडी जमिनीची फळी तडकली.