सतरा नंबरचा बलून

पंपाचे भाग तेरा होते आणि बलून चौदा. चौदाव्या बलूनवर नंबर होता सतरा.

तेरा बलून, म्हणजे भागांचे नंबर लिहिलेले गोल, संगणकाच्या पडद्यावर शहाण्यासारखे रांगेत बसले होते. प्रत्येक गोलातून एक बारीक रेघ निघून आपापल्या भागाला टेकली होती, कुणी नटला, कुणी बुशला. सतराची रेघ मात्र पंपाकडे पाठ करून ड्रॉइंगच्या चौकटीबाहेर निघून गेली होती. तेनमोळीने तो बलून दोनदा पुसला. दोन्हीदा तो परत आला.

चार वाजून गेले होते. पाचच्या आत ड्रॉइंग बिनचूक वर्कशॉपला गेलं, की तिची नोकरी पक्की. नाही गेलं, तर पल्लडमच्या आतेभावाशी लग्न. त्याच्या आठ हजार कोंबड्या होत्या, आणि बघायला आला तेव्हा तो फक्त त्यांच्याबद्दलच बोलला होता.

“काय कण्णू, अडलं कुठे?” चेन्नियप्पन सार खुर्चीसकट घरंगळत आले.

कोइंबतूरच्या त्या पंप कारखान्यात ड्रॉइंगच्या खोलीत कुणी चालत नसे. चाकांच्या खुर्चीवरूनच सगळी ये-जा. तेनमोळीला तो आळस वाटायचा. सहा महिन्यांत तिने सारांना उभं असं पाहिलंच नव्हतं. सकाळी ती यायची तेव्हा ते बसलेले असत आणि पाचच्या बससाठी ती पळायची तेव्हाही बसलेलेच असत.

“एक नंबर जास्त येतोय, सार. तेरानंतर एकदम सतरा.”

“चौदा, पंधरा, सोळा देऊन झालेत. दिलेला नंबर आपण परत घेत नाही. सतरा आलाय म्हणजे कुठेतरी भाग आहे, बघ शोधून.” ते जायला वळले आणि थांबले. “आणि भागांच्या यादीत ती वरची ओळ उचलून खाली चिकटवायची तुझी सवय! नाव बदलतेस आणि शेवटचा, जोडणीचा रकाना तसाच ठेवतेस. रबरी वॉशरपुढे ‘वेल्डिंग’ राहिलं होतं, आठवतंय ना?”

“तिला आठवो न आठवो, वेल्डरला आठवतंय,” शेंबगम अक्का पलीकडून म्हणाल्या. “दोन तास झटत होता बिचारा. बायको अजून त्याला व्हरांड्यात झोपवते. वास जात नाही म्हणते.”

तेनमोळी रेघेमागे निघाली. पडद्यावरचा पंप आधी नारळाएवढा झाला, मग तांदळाएवढा, मग ठिपका, मग तोही नाही. काळ्या पोकळीत रेघ जातच होती. पंपाच्या ड्रॉइंगला एवढी जागा कुणी दिली, असा प्रश्न तिला पडला. विचारायला वेळ नव्हता.

रेघ संपली तिथे एक खोली होती.

खोलीत टेबलं, पंखा, खिडकीत कॉफीचा पितळी पेला. खुर्चीत चेन्नियप्पन सार, कानावरच्या केसांसकट. त्यांच्यावर पंधराचा बलून. शेंबगम अक्कांवर सोळाचा. खिडकीजवळच्या खुर्चीत एक मुलगी पडद्यात डोकं घालून बसली होती. तिच्या वेणीत सकाळीच टाउनहॉलपाशी घेतलेला मोगऱ्याचा गजरा होता. सतराची रेघ तिच्या मानेपासून बोटभर अंतरावर थांबली होती.

शेजारी भागांची यादी होती. चौदा, खुर्ची. पंधरा, चेन्नियप्पन, नग एक. सोळा, शेंबगम, नग एक. सतरापुढे काहीच नव्हतं.

तेनमोळीने मागे वळून पाहिलं. सार पेन्सिलीने कान खाजवत होते. अक्का बिस्किट बुडवत होत्या. घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती.

ही परीक्षाच असणार, तिने ठरवलं. आणि नसली तरी काय बिघडलं? जगात कुठल्यातरी यादीत आपलं नाव हवं, आणि ते आठ हजार कोंबड्यांच्या खाली नको. तिने वरची ओळ उचलली, खाली चिकटवली, ‘शेंबगम’ पुसून ‘तेनमोळी’ लिहिलं. रेघ बोटभर पुढे सरकली आणि टेकली. मानेवर मुंगी चावल्यासारखं झालं.

ड्रॉइंग गेलं. पाच मिनिटांत सार पत्र घेऊन घरंगळत आले. तिने ते दोनदा वाचलं आणि आईला फोन लावला.

“अम्मा, पक्की झाले! पल्लडमला कळव. कोंबड्यांनाही कळव.”

“आधी घरी ये, मग बघू,” आई म्हणाली. पण हसत होती.

बाहेर बसने हॉर्न दिला. तेनमोळीने पर्स खांद्याला लावली आणि उठली. तिच्यासोबत खुर्चीही उठली. पाचही चाकं क्षणभर हवेत लोंबली आणि दोघी धपकन खाली आल्या. ती पुन्हा उठली. पुन्हा खुर्ची. कापड जळल्याचा मंद वास येत होता.

बस गेली.

तिने पडद्यावर यादी उघडली आणि पहिल्यांदाच शेवटचा रकाना वाचला. सतरा, वेल्डिंग. सोळा, वेल्डिंग. पंधरा, वेल्डिंग. आणि सगळ्यात वर चौदा, खुर्ची. वेल्डिंग.

चेन्नियप्पन सार हळूच घरंगळत शेजारी आले. कॉफीचा पेला त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवला.

“रडू नको कण्णू,” ते म्हणाले. “मीही वरचीच ओळ उचलली होती.”