शिपायाचा डावा पाय

लातुरात ट्यूशनवाल्या गल्लीत वकारभाईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. जुनी खेळणी जमवायचा नाद त्यांना आणि क्लासमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या श्रीनाथ सरांना सारखाच. कंपनीनं जुना प्लास्टिकचा शिपाई नव्या रूपात काढला, तसे सर एका दुपारी सीलबंद खोका घेऊन आले. वकारभाईंनी आपला जुना शिपाई काउंटरवर उभा केला.

सरांनी सील फोडलं. "नव्याचे गुडघे वाकतात, भाई. चेहरा मात्र लई कोवळा केलाय." मग त्यांनी नवा शिपाई उलटा करून पाहिला. "ह्याचा पाय कुणी चावलाय?"

डाव्या पावलावर बारीक दातांची रांग उमटली होती.

"मालच खराब आला असंल. परत पाठवू का?"

"नको सर, राहू द्या."

वकारभाईंचा धाकटा भाऊ हारिस भूकंपात गेला. निजताना तो ह्याच जुन्या शिपायाचा डावा पाय चावायचा. ढिगाऱ्यातून शिपाई निघाला तो त्या खुणांसकट, आणि तेव्हापासून वकारभाई रोज त्यांवरून अंगठा फिरवत आले होते. आताही त्यांनी फिरवला.

पाय गुळगुळीत लागला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. एकही खूण नव्हती.

सरांनी नवा शिपाई हळूच खाली ठेवला आणि रुमालाला बोटं पुसली.

"भाई," ते म्हणाले, "पाय ओला हाय."