गोलूच्या नावाने

"गोल्या, वरती ये! छतावर! त्या खांबाले काहून धडकून राहिला गा?"

हेडफोनमध्ये जितेंद्रचा आवाज इतका जवळून आला की गिरिधररावांनी दचकून मान बाजूला घेतली. त्यांनी कळ दाबून धरली. पडद्यावरच्या शिपायाच्या पाठीवरचा जेटपॅक भडकला, शिपाई तिरपा वर गेला, त्याच खांबावर पुन्हा आदळला आणि खाली पडला.

तिकडे हैदराबादेत जितेंद्र खदखदून हसला. आपल्या मुलाचं हे हसणं गिरिधररावांना फक्त इथेच ऐकू येई.

गोलू त्यांचा पुतण्या. तो आता काटोलला संत्र्यांच्या आडतीत बसतो, या खेळाची त्याला आठवणही नसेल. पण जितेंद्रच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याचं खातं तसंच उघडं राहून गेलं होतं. खोली झाडता झाडता गिरिधररावांनी एकदा कॉम्प्युटर लावला, खेळ चालू होतो का ते पाहिलं, आणि लगेच पडद्यावर जितेंद्रचं बोलावणं आलं. 'गोल्या, तू? ये ना खेळाले.' त्यांनी काही विचार न करता 'हो' दाबलं. मग घाबरून, एका बोटाने, 'माइक बिघडला आहे' एवढं टाइप केलं. तेव्हापासून रविवारी दुपारी कूलर लावून ते गोलू होऊन बसत.

लढाई कुठल्याशा परग्रहावर होती. आभाळात दोन चंद्र, खाली धूर, चहूकडून उडत येणारे शिपाई. समोरचा आपला की परका हे कळायच्या आत आपण मेलेलो असायचो. गिरिधरराव बहुतेक वेळ मेलेलेच असत. जिवंत झाले की धडपडत जितेंद्रच्या शिपायामागे निघत. तो उडाला की उडत, तो थांबला की थांबत. त्याहून जास्त त्यांना या खेळातलं काही कळत नव्हतं.

आज कसेबसे ते छतावर पोचले. जितेंद्रचा शिपाई तिथे उभा होता.

"थांब इथंच. टाकी भरू दे."

जेटपॅकचं इंधन संपलं की जमिनीला पाय टेकून उभं राहावं लागे, मग ते आपोआप भरे. दोन्ही शिपाई शेजारी शेजारी उभे राहिले.

"गोल्या, एक विचारू? तू आमच्या घरी जाते का गा कधी?"

गिरिधररावांचं बोट कळांवर अडलं. 'जातो,' त्यांनी टाइप केलं.

"बाबा कसे आहे?"

'बरे आहेत.'

"मी फोन केला की ते विचारते, जेवला का. मी म्हणतो, जेवलो. झालं. आई होती तेव्हा बरं होतं. मी तिच्याशी बोलत राहो, अन् मागून बाबांचा आवाज ये. टीव्ही कमी कर, कुलूप लाव, असं काहीबाही. तेवढ्यात भेटल्यासारखं वाटे. आता आम्ही दोघंच. अन् दोघालेबी बोलता येत नाही."

दूर कुठेतरी गोळ्या सुटत होत्या. टाक्या केव्हाच भरल्या होत्या.

"माझ्याबद्दल काही बोलते का रे ते?"

गिरिधररावांनी लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी त्यांनी पाठवलं, 'तुझी खूप आठवण काढतात.'

जितेंद्र हसला, पण मघासारखं नाही.

"खोटं नको बोलू गोल्या. आमचे बाबा असं बोलतच नाही."

गिरिधररावांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खोलीत एकदम कूलरची घरघर मोठी झाली. त्यांनी मोबाइल उचलला आणि मुलाला फोन लावला. पडद्यावर जितेंद्रचा शिपाई छतावर तसाच उभा होता.

"हां बाबा? तब्येत ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"मग?"

"जेवला का?" बोलून गेले, आणि त्यांना आपलाच राग आला.

"जेवलो."

फोन संपायची वेळ झाली होती. पण गिरिधररावांनी तो ठेवला नाही. जितेंद्रनेही ठेवला नाही.

"जितू," ते म्हणाले.

"हां."

लग्न, नोकरी, हवा, भाजीपाला, कशाचंच वाक्य जुळेना. ते नुसते पडद्याकडे पाहत राहिले. छतावर दोन शिपाई शेजारी शेजारी उभे होते, दोघंही हलत नव्हते. धुरातून शत्रूचा एकजण उडत आला, त्याने काहीतरी फेकलं. गिरिधररावांनी कळांकडे हात नेला नाही.

धमाका टेबलावरच्या हेडफोनमधून आला आणि फोनमधूनही आला, दोन्हीकडून एकदमच.

तिकडे जितेंद्रलाही तो बाबांच्या फोनमधून ऐकू गेला असणार.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "आपल्या घरी गोलू आला आहे का?"

गिरिधररावांनी जितेंद्रच्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"नाही बेटा," ते म्हणाले. "मीच आहे."