फक्त एक कलम

अमेरिकेची राज्यघटना दुरुस्त करायच्या परिषदेवर आमच्या नेब्रास्का राज्यातून शेजारच्या लॉर्नाबाई निवडून गेल्या. देशाच्या कर्जाला लगाम घालणारं एकच कलम जोडायचं होतं. कडेवरच्या लेकीला, इट्झेलला थोपटत मी त्यांना विचारलं, "आणि कुणी दुसराच विषय काढला तर?"

"अगं पोरी, किती घाबरशील! भरकटेल त्या प्रतिनिधीला माघारी बोलवायचा कायदाच केलाय आपल्या राज्यानं."

परिषदेने पहिल्याच दिवशी स्वतःचा नियम केला, की कुणालाही माघारी बोलावता येणार नाही. मग आणखी एक कलम आलं: आमच्यासारख्या परदेशी आईबापांचं मूल इथे जन्मलं तरी, अगदी आधी जन्मलेलंसुद्धा, इथलं नागरिक नाही. पुढे राज्यांनीही ते मान्य केलं.

त्याच्या बाजूने मत दिलेल्या लॉर्नाबाई काल इट्झेलच्या आवडीचा केक घेऊन आल्या.

 

"इथे आहे तोवर खाऊ दे गं तिला."